सरकारी दप्तर आणि आपला हक्क

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे दरवर्षी होतात. आज मी निवडलेला विषय त्या मानाने रुक्ष आहे. सरकारी कचेरीतून आपल्याला हवा असलेला कागद कसा मागावा, एवढाच तो विषय. परंतु दरवर्षी जून महिना उजाडला की समाजातील कितीतरी घरांत जी धावपळ सुरू होते, ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा विषय क्षुल्लक वाटणार नाही. मुलाने परीक्षेत उत्तम गुण मिळवावेत, प्रवेशाच्या यादीत त्याचे नाव लागावे, आणि केवळ आजोबांच्या शाळेचा एक उतारा वेळेवर हाती आला नाही म्हणून त्याची जागा दुसऱ्यास जावी, यासारखे दुःख नाही. ते दुःख दैवाने दिलेले नसते. बहुतेक वेळा ते अज्ञानाने आणि आळसाने ओढवून घेतलेले असते, आणि म्हणूनच ते टाळता येण्यासारखे असते.

आपण कुंभार. चाकावरून उतरलेले मडके कितीही सुबक असले तरी आव्यातून भाजून निघाल्यावाचून ते पाणी धरीत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. तोंडी सांगितलेल्या गोष्टीचे कायद्याच्या दृष्टीने तसेच आहे. “आमच्या पाच पिढ्या या गावात चाक फिरवीत आल्या” हे वाक्य शंभर टक्के खरे असेल, परंतु जुन्या नोंदीचा आधार मिळेपर्यंत ते कच्चेच मडके होय.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. जातीच्या दाखल्यासंबंधीचा महाराष्ट्राचा अधिनियम २००० सालचा असून तो १८ ऑक्टोबर २००१ पासून अंमलात आहे. त्यातील एक तरतूद प्रत्येक पालकाने मनावर कोरून ठेवावी. आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर आहे. ती सरकारवर नाही. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा दिवस मानीव धरलेला आहे. त्या दिवसापूर्वीची, आपल्या वडिलांकडील घराण्याची जातीची नोंद आणि त्या दिवसापूर्वीचे वास्तव्य यांचा पुरावा तपासणी समिती पाहते. अनुसूचित जातींसाठी हा दिवस १० ऑगस्ट १९५० आहे आणि विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आहे. व्यावसायिक शिक्षणाचा राखीव जागेवरील प्रवेश, सरकारी नोकरी, ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतच्या राखीव जागेवरील निवडणूक, या सर्वांसाठी वैधतेचा दाखला लागतो. विवाहित भगिनींनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांचा पुरावा माहेरच्या घराण्याचा लागतो. सासरचे कागद कितीही भक्कम असले तरी त्यांचा उपयोग नाही. म्हणून मुलीला सासरी पाठविताना भांडीकुंडी देतो त्याबरोबर तिच्या आजोबा-पणजोबांच्या उताऱ्यांच्या नकलाही द्याव्यात, असे मी आग्रहाने सुचवितो.

आता कोणता कागद कोठे असतो ते सांगतो. निम्मी पायपीट चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे होते.

सर्वांत उपयोगी कागद म्हणजे प्राथमिक शाळेची जुनी दाखल-खारीज नोंदवही, जिला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. तीत मुलाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळेत घातल्याची तारीख एका ओळीत असते. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी स्थापन झाल्या. त्यापूर्वी गावच्या शाळा लोकल बोर्डाकडे अथवा स्कूल बोर्डाकडे होत्या. जुनी शाळा बंद पडली असेल किंवा दुसरीत मिळविली गेली असेल, तर तिची दप्तरे जवळच्या केंद्रशाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात शोधावी लागतात.

दुसरा कागद जन्ममृत्यूच्या नोंदीचा. पूर्वी गावचा कोतवाल या नोंदी ठेवी, म्हणून लोक त्या वहीस कोतवाल-बुक म्हणतात. गाव नमुना क्रमांक १४ या नावानेही ती ओळखली जाते. तीत मृताची अथवा बालकाच्या बापाची जात लिहिलेली असे. या जुन्या वह्या बहुधा तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात सापडतात. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ सालचा आहे. त्याअन्वये ठेवलेल्या नोंदी ग्रामपंचायतीत अथवा नगरपालिकेत मिळतात. फी भरून त्या नोंदींचा शोध घेण्याचा व उतारा मागण्याचा हक्क त्याच कायद्याने नागरिकास दिला आहे.

तिसरा गट जमिनीच्या कागदांचा. सातबारा, आठ-अ आणि फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, हे तलाठ्याकडे असतात. २०२४ पासून तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. सातबारा व आठ-अ हे उतारे आता सरकारच्या संकेतस्थळावरून अंकीय स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतात, आणि तेथे मिळणाऱ्या कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण नाही. परंतु जातीच्या दृष्टीने मोलाची असतात ती जुनी हक्कनोंदणी पत्रके व जुने फेरफार, कारण त्यांत खातेदाराच्या नावापुढे जात लिहिण्याची वहिवाट असे. मोजणीचे नकाशे, टिपण, फाळणी यांसाठी भूमी अभिलेख कार्यालयात जावे. घराची करआकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. जुने खरेदीखत अथवा गहाणखत हवे असल्यास दुय्यम निबंधकाची कचेरी गाठावी. मराठवाड्यातील बांधवांना निजाम राजवटीतील खासरा पत्रक व पाहणी पत्रक तपासावे लागते.

जुने दप्तर पुष्कळदा मोडीत असते आणि मराठवाड्यात ते उर्दूतही आढळते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा हे मोडीचे भांडार केवढे आहे आणि ते वाचणारे किती थोडे आहेत, याची साऱ्या महाराष्ट्रास जाणीव झाली. समोर पान उघडे असून ते वाचता येत नाही म्हणून “नोंद नाही” असे उत्तर मिळणे शक्य आहे, हे विसरू नये.

कागद कोठे आहे हे कळल्यावर तो मागावयाचा कसा? याचे तीन मार्ग आहेत आणि ते याच क्रमाने चालावेत.

पहिला मार्ग साध्या नकलेच्या अर्जाचा. सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा ज्यास हक्क आहे त्यास फी घेऊन प्रमाणित नक्कल दिली पाहिजे, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. गाव, सर्व्हे नंबर, साल, व्यक्तीचे नाव एवढे नीट लिहून अर्ज दिला तर पुष्कळ कागद याच मार्गाने मिळतात. जेथे सरळ दार उघडे आहे तेथे खिडकीतून शिरण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा. या कायद्याखाली अधिसूचित झालेली सेवा किती दिवसांत द्यावयाची व कोणी द्यावयाची हे ठरलेले असते आणि ते कचेरीत फलकावर लावणे बंधनकारक आहे. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला ही अशा सेवांची उदाहरणे. मुदत टळली तर त्याच खात्यात प्रथम व द्वितीय अपील करता येते आणि त्यानंतर आयोगाकडे जाता येते. सबळ कारणावाचून सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

तिसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. हा कायदा कोणा सरकारने मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. इंग्रजांनी १९२३ मध्ये केलेल्या गुपितांच्या कायद्याची सावली स्वातंत्र्यानंतरही कचेऱ्यांवर पडलेली होती. लोकांना सरकारी कारभार जाणून घेण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये राजनारायण खटल्यात सांगितले. परंतु तो हक्क गावपातळीवर उतरविला तो राजस्थानातील मजुरांनी. दुष्काळी कामांवर आपली खोटी हजेरी लावून पैसे कोण खातो हे पाहण्यासाठी मजूर किसान शक्ती संघटनेच्या या माणसांनी हजेरीपटाच्या नकला मागितल्या आणि १९९६ मध्ये ब्यावर येथे त्यासाठी धरणे धरले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने २००२ चा राज्याचा कायदा आला. पुढे केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर अंमलात आला. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी कागद मागितला, आणि त्यांच्या त्या मागणीतून शिकल्या-सवरलेल्यांनाही हक्क मिळाला, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने आठवावी.

या कायद्याखाली अर्ज मराठीत करता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी जोडपत्र ‘अ’ हा नमुना आहे. फी १० रुपये. ती रोख भरावी किंवा कोर्ट फी मुद्रांक लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी माफ आहे. त्याने दाखल्याची प्रत जोडावी. अर्ज एका विषयापुरता व १५० शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. माहिती कशासाठी हवी याचे कारण सांगण्याचे बंधन नाही, आणि तसे कोणी विचारले तर कलम ६ चा उल्लेख नम्रपणे करावा. ज्यास लिहिता येत नाही त्याची तोंडी मागणी लिहून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला असेल तर तो परत न करता पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठविणे त्याच्यावर बंधनकारक आहे. नकलेचा दर पानास दोन रुपये. माहिती ३० दिवसांत दिली पाहिजे. ती मुदत टळल्यास पुढे ती विनामूल्य द्यावी लागते.

अर्ज लिहिण्याचे कौशल्य एवढेच, की प्रश्न विचारू नये, कागद मागावा. “माझ्या आजोबांची नोंद का सापडत नाही?” या प्रश्नास कायद्याने उत्तर मिळत नाही, कारण कायदा अस्तित्वात असलेला अभिलेख देतो, मत अथवा खुलासा देत नाही. त्याऐवजी असे लिहावे: “मौजे अमुक, तालुका अमुक येथील प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीतील सन १९३५ ते १९५० या काळातील अमुक आडनावाच्या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात, तसेच सदर नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.” या शेवटच्या वाक्यात फार मोठी शक्ती आहे. अभिलेख स्वतः पाहण्याचा, त्यातून टिपणे घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे आणि पाहणीचा पहिला तास विनामूल्य असतो. आपल्या घराण्याचे नाव कोणत्या रूपाने लिहिले गेले असेल हे आपल्याइतके लेखनिकास ठाऊक नसते. एकच घराणे एका पानावर आडनावाने, दुसऱ्या पानावर केवळ “कुंभार” म्हणून आणि तिसऱ्या पानावर मूळ गावाच्या नावाने नोंदलेले असते. म्हणून मोडी वाचणारा एखादा जाणकार बरोबर घेऊन स्वतः पाहणी करावी.

“ही व्यक्तिगत माहिती आहे, देता येत नाही,” असे उत्तर कधी कधी मिळते. खाजगी माहितीस कलम ८ ने संरक्षण आहे आणि २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने ते संरक्षण अधिक कडक करण्याची तरतूद केली. परंतु त्याच कलमात एक पोटकलम आहे, तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ज्या घटनेस अर्जाच्या दिवशी २० वर्षे होऊन गेली आहेत, तिच्याविषयीच्या माहितीस देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे एवढे अपवाद सोडता कलम ८ मधील इतर सबबी लावता येत नाहीत. आपल्याला हवी असलेली नोंद तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीची असते! कलम ८, पोटकलम ३. हे आकडे घरी जाऊन वहीत लिहून ठेवावेत.

उत्तरच आले नाही तर? तीस दिवसांत उत्तर न येणे हा कायद्याने नकारच समजला जातो. त्यापुढील ३० दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे जोडपत्र ‘ब’ मध्ये प्रथम अपील करावे. त्यास २० रुपयांचा मुद्रांक लागतो. अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, आणि कारणे नोंदवून फार तर ४५ दिवसांत व्हावा लागतो. तेथेही न्याय न मिळाल्यास ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे जोडपत्र ‘क’ मध्ये द्वितीय अपील करता येते. कसूरदार अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये याप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार आयोगास आहे. परंतु आयोगापुढे प्रकरणांचा ढीग असतो आणि तारीख लागण्यास दीर्घ काळ जातो, हे मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही. प्रवेशाची मुदत आयोगासाठी थांबत नाही. म्हणून मुलगा बारावीस गेल्यावर नव्हे, तर तो आठवी-नववीत असतानाच हा शोध सुरू करावा. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी, टपालाने पाठविल्यास त्याची पावती जपून ठेवावी. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे समजावे.

सर्वांत कठीण उत्तर म्हणजे “अभिलेख उपलब्ध नाही.” या चार अक्षरी “उपलब्ध” शब्दाच्या आड तीन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. कागद मुदत संपल्यावर नियमाने नष्ट केलेला असेल, दुसऱ्या कचेरीत वर्ग झालेला असेल, किंवा खरोखरच गहाळ झालेला असेल. नियमाने नष्ट केला असल्यास नष्ट केलेल्या अभिलेखांची यादी असावी लागते. तिची प्रत मागावी. वर्ग झाला असल्यास हस्तांतरणाची यादी मागावी. गहाळ झाला असल्यास तसे लेखी मागावे, कारण सार्वजनिक अभिलेखांचे जतन हे महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये कार्यालयाचे कर्तव्य आहे. तोंडी “नाही” ऐकून घरी परतू नये. लेखी “नाही” हाही एक कागदच आहे आणि पुढे समितीसमोर तो उपयोगी पडतो.

बंधूंनो, आता दोन कटू गोष्टी सांगतो.

पहिली ही की, कचेरीबाहेरच्या झाडाखाली बसून “सगळे करून देतो” म्हणणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये. जुन्या नोंदवहीत नव्या शाईने घातलेले एक अक्षर दक्षता पथकाच्या नजरेतून सुटत नाही. खोट्या नोंदीवर मिळविलेला दाखला रद्द होतो, पदवी व नोकरी जाते आणि फौजदारी खटला मागे लागतो. त्याहून वाईट म्हणजे त्या एका खोट्या अक्षरामुळे त्या घराण्याच्या खऱ्या नोंदींवरही संशयाची सावली पडते.

दुसरी गोष्ट अशी की, हे शस्त्र कोणास त्रास देण्यासाठी उपसू नये. शेजाऱ्याशी बांधाचे भांडण आहे म्हणून त्याच्या नावाने पन्नास अर्ज टाकणे हा हक्काचा उपयोग नव्हे. दप्तरखान्यातला लेखनिक पुष्कळदा धुळीने खोकत, एकटा, तीन माणसांचे काम करीत असतो. तो आपला वैरी नव्हे. त्याच्याशी सौजन्याने बोलावे, परंतु मागणी मात्र लेखीच करावी.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर शेतकऱ्याची कागदोपत्री कशी नागवणूक होते याचे चित्र रेखाटले आहे. बलुतेदारांची स्थिती त्याहून निराळी नव्हती. आपल्या पूर्वजांनी साऱ्या गावाला पाण्याची भांडी पुरविली, परंतु आपल्याविषयी दप्तरात काय लिहिले जात आहे हे पाहण्याचा अधिकार त्यांस नव्हता. तो अधिकार आज आपल्याला आहे. तो केवळ जातीच्या दाखल्यापुरता वापरून आपण थांबावे काय? गावच्या पाणीपुरवठ्यावर किती खर्च झाला, शाळेच्या दुरुस्तीची रक्कम कोठे गेली, माती काढण्याच्या परवानगीचे अर्ज कोणत्या टेबलावर अडले, हेही याच कायद्याने विचारता येते आणि ग्रामसभेत उभे राहूनही विचारता येते. स्वतःच्या मुलासाठी कागद मागणारा पालक जेव्हा गावासाठी कागद मागू लागेल, तेव्हाच तो खऱ्या अर्थाने नागरिक झाला असे मी म्हणेन.

शेवटी, कार्यकारी मंडळापुढे तीन सूचना ठेवून मी माझे भाषण आटोपतो. एक, प्रत्येक तालुक्यात दोन सुशिक्षित तरुणांची अभिलेख सहाय्य समिती नेमावी. तिने अर्ज लिहून द्यावेत आणि त्याबद्दल पैसा घेऊ नये. दोन, समाजातील पाच तरुण-तरुणींना तरी मोडी शिकण्यासाठी मंडळाने खर्च द्यावा. समारंभातील एका वर्षाचे हारतुरे वाचविले तर तेवढा पैसा सहज उभा राहील. तीन, ज्या घराण्याला जुनी नोंद सापडली असेल त्याने ती कोणत्या गावी, कोणत्या कचेरीत, कोणत्या सालच्या वहीत सापडली याची माहिती मंडळाकडे द्यावी, म्हणजे त्याच्या भाऊबंदांना तीच वाट पुन्हा चाचपडत शोधावी लागणार नाही. मात्र कोणाचा खाजगी कागद त्याच्या संमतीवाचून दुसऱ्यास दाखवू नये.

जुन्या शाळांच्या कपाटांत वाळवी लागते, पावसाळ्यात छत गळते आणि दरवर्षी काही पाने कायमची नाहीशी होतात. ती पाने आज मागितली तर मिळतील. आणखी दहा वर्षांनी मिळतील याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. तेव्हा येथून घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या आजोबांची शाळा कोणती, हा एक प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना विचारावा आणि या महिन्यातच पहिला अर्ज लिहावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!